तेल लावलेला चौकोन

आठवी झाली आणि शाळेनं मला, मी शाळेला, सोडलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरच्या एका गिरणीत फिटरचा अप्रेंटिस म्हणून लागलो. काम शिकायचं आणि वर महिन्याला पैसेही घ्यायचे. असली शाळा मला पहिल्यापासून हवी होती. शेवटी सरकारी परीक्षा. पास झालो तर सर्टिफिकेट आणि गिरणीत फिटरची जागा. नापास झालो तर दुधनीला दाजींच्या अडतीवर पोती शिवायची. दाजींनी सुई-सुतळी काढूनच ठेवली होती.

आमच्या खात्यातल्या मिस्त्रींचा एक नेम होता. लोखंडाचं काम झालं की तेलाचा हात फिरवल्याशिवाय ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. म्हणायचे, "कोरडं लोखंड आन् उपाशी पाव्हणा, दाराभाईर जाऊ द्यायचा न्हाय."

परीक्षेत लोखंडी पट्टीला चौकोनी भोक करून त्यात चौकोनी तुकडा बसवायचा होता. कसाही फिरवला तरी बसला पाहिजे, फटीतून उजेड दिसता कामा नये. दिवसभर कानस मारली. तुकडा असा बसला की मलाच माझा हेवा वाटला. मग नेमाप्रमाणे गिरणीतलं दाट काळं तेल लावलं आणि परीक्षक साहेबांपुढं ठेवलं.

साहेबांनी बल्बसमोर धरलं. चारी बाजूंनी अंधार.

"तेलानं फटी बुजवतोस काय रे? पूस ते."

"फटी न्हाईतच, साहेब. आन् कोरडं लोखंड मी कुणाला देत न्हाय. पुसायचं तर तुमी पुसा."

बाजूच्यांच्या कानशी थांबल्या. माझ्या डोळ्यांपुढं दाजींची सुतळी नाचत होती, पण तोंडातून गेलेला शब्द मागं घ्यायची आमच्यात रीत नाही.

साहेबांनी खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढला, स्वतः खसाखसा पुसलं, पुन्हा धरलं. तीन बाजूंना अंधार. चौथीला दोऱ्याएवढा उजेड.

"हे काय?"

"बल्ब लई जोराचा हाय, साहेब."

आता मात्र ते हसले. मार्क कापले ते कापलेच. पण निकाल आला तेव्हा मी पास होतो.

सर्टिफिकेट घेऊन मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी ते उलटंपालटं केलं आणि विचारलं, "उजेड दिसला का?"

"एका बाजूनं."

"म्हंजे तीन बाजूंचा फिटर झालास की!"

पुढं गिरणीत सगळे मला त्याच नावानं हाक मारायचे. मारू देत. दाजींची सुतळी तशीच राहिली. आणि चौथ्या बाजूचं म्हणाल, तर साहेबांनी रुमाल जरा जास्तच जोरात घासला, हे माझं मत आजही कायम आहे.