सहा मिली की दहा मिली

"दहा ना, ताई?" रंगनाथरावांनी विचारलं.

कॉम्प्युटर 'सहा' म्हणाला होता.

मी कीबोर्डवरची की परत दाबली. मशीन खरखरलं, "कापूस. मावा कीड. एका पंपाला सहा मिली."

"दहाच म्हणायलाय की!"

रंगनाथराव ताडकळसचे शेतकरी. मोंढ्यातल्या बाजारात आले की आमच्या ऑफिसात चहाला थांबायचे. आमची कंपनी बियाणं आणि फवारणीची औषधं विकायची, आणि मी तिथली प्रोग्रामर. दोन दिवसांवर परभणीत शेती प्रदर्शन होतं. त्यात आमचा कॉम्प्युटर शेतकऱ्यांना मराठीत औषधाचं प्रमाण सांगणार होता. आवाज पुण्यात भरून फ्लॉपीवर आणला होता. मला तो नीट कळायचा, कारण काय बोलणार ते मला आधीच माहीत होतं.

मी लोहगावकर साहेबांकडे गेले आणि सहाचं दहा ऐकू येतंय ते सांगितलं. ते आमचे मॅनेजर.

"मॅडम, लोक गंमत बघायला येतील. तिथलं ऐकून कोण फवारायलंय?"

दारातून रंगनाथराव म्हणाले, "आमी फवारू की. कॉम्प्युटर म्हणला म्हणल्यावर खोटं कशाला समजावं?"

साहेब हसले. मला हसू आलं नाही. सहाच्या जागी दहा पडलं तर पाला करपतो. फवारणाऱ्याला चक्कर येते, ती वेगळीच.

"स्क्रीनवर लिहून दाखवा," साहेब म्हणाले.

"स्क्रीनवर इंग्रजीच येतं, सर."

दोष फ्लॉपीतल्या आवाजात नव्हता. त्या काळच्या कॉम्प्युटरच्या पोटातला स्पीकर फक्त 'टूं' करण्यासाठी असायचा. त्याला चालू आणि बंद, एवढंच कळायचं. त्यातून माणसाचा आवाज काढणं म्हणजे दिव्याचं बटण खालीवर करून मंद उजेड पाडण्यासारखं. 'स' आणि 'द' त्यात एकसारखेच घासले जायचे.

उपाय मी एका मासिकात वाचला होता. प्रिंटरची केबल लागते त्या पोर्टला आठ तारा असतात. त्यांना चढत्या रोधाचे रेझिस्टर जोडले, तर आठ तारांच्या चालू-बंदमधून कमीजास्त व्होल्टेज मिळतं. ते अॅम्प्लिफायरला दिलं की झालं. आकड्यांचा आवाज करणारा हा कन्व्हर्टर मशीनच्या बाहेरच राहतो.

रेझिस्टर आणायला निघाले तर बाजार बंद. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. कधी मोर्चा निघेल, कधी शटर पडतील, नेम नसायचा. स्टेशन रोडवर पोलिसांची गाडी उभी. घरी परत जावं असं दोनदा वाटलं, पण पाय वळेनात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रऊफभाईंचं दार वाजवलं.

आतून आवाज आला, "सामने से नक्को, मॅडम. पिछे से आओ."

त्यांनी डबा पुढ्यात ओतला. हवे तेवढे रेझिस्टर मी मीटर लावून निवडले. वर त्यांचा एक जुना अॅम्प्लिफायर उसना घेतला.

दुसऱ्या दिवशी सोल्डरिंग केलं, प्रोग्राम बदलला आणि की दाबली. नुसती घूंऽऽ. वायर बदलून बाहेरून तारेची जाळी असलेली वायर लावली. घूं बसली आणि स्वच्छ आवाज आला, "सहा मिली." कारकुनापासून चहावाल्यापर्यंत ज्याला त्याला धरून मी विचारलं. सगळे सहा म्हणाले.

मग साहेब आत आले. "प्रिंटर कुठाय? पाहुण्यांना त्यांच्या नावाचा स्वागताचा कागद छापून द्यायचाय."

"पोर्ट एकच आहे, सर. प्रिंटर लावला तर आवाज जाईल."

"दोन मिनिटं जाऊ द्या."

"रांगेतल्या माणसाला काय सांगू?"

ते निघून गेले.

प्रदर्शनात आमच्या टेबलापुढे ही गर्दी. प्रमुख पाहुणे आले तशी साहेबांनी खूण केली, "मॅडम, प्रिंट."

मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं.

"मी आवाजाची वायर काढणार नाही, सर. तुम्ही काढा."

साहेब खरंच टेबलाखाली वाकले. कनेक्टर दोन स्क्रूंनी आवळला होता. ते बोटांनी झटत राहिले, आणि तेवढ्यात पाहुण्यांनीच की दाबली.

"एका पंपाला सहा मिली."

पाहुण्यांनी शेजारी उभ्या असलेल्या सोनपेठच्या एका बाईंना विचारलं, "किती म्हणाला?"

"सहा की. तुमाला ऐकू न्हाई आलं?"

पाहुणे मोठ्यानं हसले आणि पुढच्या स्टॉलकडे गेले. साहेब टेबलाखालून बाहेर आले तेव्हा कागद मागायला कुणीच उरलं नव्हतं.

आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एक दिवस त्यांनी माझ्या टेबलावर दुसऱ्या पोर्टचं कार्ड आणून ठेवलं. आता प्रिंटर आणि आवाज, दोन्ही एकदम लागणार होते.

पुढे बरीच वर्षं मी मशीनं बसवली. बसवून झालं की "कळलं का?" असं मी कुणाला विचारत नाही. लोक भिडेपोटी हो म्हणतात. "काय कळलं ते सांगा," एवढंच म्हणते.