शंकाकाकांनी पास केलेली प्लेट

शंकाकाका कुणाकडेही जेवायला बसले की आधी रिकामी प्लेट उचलायचे, उलटी करून बघायचे आणि मग काठावरच्या नक्षीवरून नख फिरवायचे. घरच्या बाईंना वाटायचं, प्लेट नीट धुतलेली नाही. फरीदाबादच्या आमच्या कारखान्यात चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी उठवायचं काम चाले आणि काका तिथले तपासनीस होते. ते 'पास' म्हणाल्याशिवाय एक कपसुद्धा गेटबाहेर पडत नसे.

शंका घ्यायला त्यांना कारण लागत नसे. कामगार सकाळी हसून 'राम राम' म्हणाला की हे विचारायचे, "आज क्या तोड़ा?" चहा जास्त गोड लागला की दूध नासकं असणार, ते लपवायला साखर. करोल बागेतून मी हौसेने आणलेली पर्स बघून म्हणाले, "चामड्याची म्हणाला असेल तो. पाण्यात बुडवून बघ." मी मूर्खासारखी बुडवली आणि पर्स कामातून गेली. ती चामड्याची होती की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

बाजार खुला झाला, गुडगावात चकचकीत हॉटेलं उभी राहू लागली आणि आमच्या मालकांनी परदेशातून लेझर प्रिंटर आणला. पूर्वी प्रत्येक रंगासाठी छपाईची वेगळी जाळी लागायची. आता चित्र कॉम्प्युटरवर काढायचं, भट्टीत टिकणाऱ्या रंगाच्या भुकटीने कागदावर छापायचं, प्लेटवर चिकटवायचं आणि भाजायचं. ते मशीन चालवायला मला नेमलं होतं. पहिली ऑर्डर एका हॉटेलची. मालकांनी स्पष्ट सांगितलं, काकांनी पास केलं तर ठीक, नाहीतर मशीनही परत आणि तूही.

"थर बघ किती पातळ," काका म्हणाले. "हा टिकणार? बिल्कुल नाही. आणि तू हे कॉम्प्युटरवर शिकलीस की भट्टीवर?" मला त्यांचा इतका राग यायचा की बाथरूममध्ये जाऊन रडायचे.

शेवटी त्यांनी एक प्लेट घरी नेली. काकूंनी ती महिनाभर रोज तारेच्या घासणीने घासायची, अशी ती परीक्षा. कारखान्यात कुणाला का नाही सांगत, असं मी विचारलं, तर म्हणाले, "इथे सगळे अंगचोर. आमच्या हिचं तसं नाही." महिन्याने प्लेट आली. निळी फुलं जशीच्या तशी होती. काका बराच वेळ ती हातात धरून उभे राहिले आणि मग म्हणाले, "पास." मी सगळ्या कारखान्याला पेढे वाटले.

वर्षाच्या आत हॉटेलने माल परत पाठवला. फुलं पार विटली होती. मालक माझ्यावर ओरडू लागले तेव्हा काका मध्ये आले. "पास मैंने किया है. लड़की का इसमें कुछ नहीं." त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली. पुढे आम्ही जाड थर द्यायला शिकलो, मशीन राहिलं, मीही राहिले. पण इतका संशयी माणूस फसला कसा, हे मनातून जाईना. माझी दया येऊन त्यांनी डोळेझाक केली असेल, अशीही शंका मला यायची आणि ती फार बोचायची.

काका वारल्यावर मी काकूंना भेटायला गेले. त्यांनी आपणहून तो विषय काढला. "मी ती कधी घासलीच नाही गं. इतकी सुंदर प्लेट, तिला तार लावायची? जावई येतील तेव्हा काढू म्हणून ट्रंकेत साड्यांमध्ये ठेवली. हे रोज विचारायचे, घासली का? मी म्हणायचे, घासली. माल परत आला त्या दिवशी रडत रडत सगळं सांगितलं. तर म्हणाले, मला ठाऊक होतं. प्लेटला डांबरगोळ्यांचा वास येत होता."

"मग पास का केली?"

काकूंनी पदराने डोळे पुसले.

"मीही तेच विचारलं. म्हणाले, तू घासली म्हणाली होतीस ना."