पद्मजाबाईंचा ताम्हिणी घाट

आमच्या घरात भूगोल पद्मजाचा आणि गाडी लागणंही तिचंच. कोथरूडच्या शाळेत तिने सगळी नोकरी सह्याद्री शिकवण्यात घालवली, पण तो फळ्यावरचा. प्रत्यक्षात चांदणी चौक ओलांडला की तिचा चेहरा पांढरा पडायचा. कोकणातली सगळी लग्नं आम्ही आहेर पाठवून साजरी केली, आणि मला त्याचं फारसं दुःख नव्हतं.

निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात. ही दत्तप्रसादकडे गेली. तो तिचा जुना विद्यार्थी, पुण्यातून एका दिवसाच्या सहली काढतो. तुझा गाईड ताम्हिणीबद्दल वाट्टेल ते ठोकून देतो, ते काम मी करीन, असं तिने त्याला सांगितलं. गाडी लागते हेही लपवलं नाही. तो म्हणाला, बाई, एक रविवार करून बघा, पण तुमच्यामुळे लोक वैतागले तर पुढचं काम नाही. मी तिला वेडी म्हटलं. तिने ते शांतपणे ऐकलं आणि माझंही तिकीट काढलं.

त्या रविवारी ती ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसली. गाडी लागणाऱ्यांना त्या जागेची किंमत ठाऊक असते. वळण आधी दिसतं, पोट तयारीत राहतं. गालात आवळासुपारी, हातात माईक. मुळशीचं पाणी आलं, कडेने पिवळी सोनकी फुललेली, आणि ही अशी रंगात आली की आयटीतली पोरंही कानातले इअरफोन काढून ऐकू लागली. मी मागे बसून फक्त तिच्या आवाजावर लक्ष ठेवून होतो. तो पातळ झाला की संपलं, हे मला अनुभवाने माहीत.

घाट लागला आणि मधल्या रांगेतल्या कौशल्याबाईंना उलटी झाली. मूळच्या वाशीमकडच्या, आता वाघोलीत लेकीकडे राहतात. घाट पहिल्यांदाच बघत होत्या. लेक अपेक्षा पिशवी धरून बसलेली आणि बाईंनी शरमेने तोंड पदरात लपवलेलं. पुन्हा उलटी झाली तेव्हा त्या रडवेल्या झाल्या.

"मले इथंच उतरवून द्या बाई. तुम्ही जा समोर. माह्यापायी कोणाची सहल खराब नको."

कोणीतरी उशीर होतोय असं पुटपुटलं. पद्मजा उठली, कौशल्याबाईंना दंडाला धरून स्वतःच्या सीटवर बसवलं आणि रस्त्यावरून नजर काढू नका म्हणाली. मग दांडा धरून, रस्त्याकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. घाटात असं उलटं उभं राहायला धडधाकट माणूसही धजत नाही. मला भीती वाटली.

ती पाण्याबद्दल सांगत होती. माथ्याच्या या बाजूला पडलेला थेंब पुण्यातून वाहत थेट बंगालच्या उपसागराला जातो, आणि हातभर पलीकडे पडलेला... इथे तिचा आवाज पातळ झाला. मी लगबगीने पुढे गेलो. पुरे झालं, म्हटलं, इथेच उतरू, मागून येणाऱ्या एसटीने घरी जाऊ.

"अहो, आपण प्रवासी आहात," ती माईकवरूनच म्हणाली. "जागेवर बसा."

मग तिने सगळ्यांना सांगितलं, "मलाही गाडी लागते. जरा थांबणार आहोत. दरी डावीकडे आहे, ती बघा. मी उजवीकडे असेन, तिकडे बघू नका."

बस रुंद जागी थांबली. लोक निमूटपणे डावीकडे गेले. पद्मजा झुडपाआड जाऊन मोकळी झाली, चूळ भरली, चढली आणि सगळे बसल्यावर माईक हातात घेऊन म्हणाली, "पलीकडे पडलेला अरबी समुद्राला." वर्गात घंटा झाली तरी वाक्य पुरं केल्याशिवाय तिने कधी पोरं सोडली नव्हती. येतानाही ती उभीच होती. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी घरापर्यंत एकही टोमणा मारला नाही.

संध्याकाळी दत्तप्रसादचा फोन आला. घाटात गाडी थांबल्याचं त्याला कळलं होतं. माझ्यामुळेच थांबली, असं तिने सरळ सांगितलं. तो म्हणाला, हो, पण अपेक्षाने पुढच्या रविवारची जागा आत्ताच धरली आहे. आईला निम्मा घाट नीट बघता आला नाही, आणि बाई याच हव्यात असा हट्ट आहे.

पद्मजाने पुढची सीट कौशल्याबाईंना द्यायला सांगितली. मग सर येणार का, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडे एकदा बघितलं.

"त्यांचं तिकीट नको," ती म्हणाली. "ते मधेच उठतात."