अध्यक्षांचं पुस्तक

वेरूळजवळच्या एका गावात माझी भाचेसून शिक्षिका आहे. लेण्यांसमोर सीताफळं, कणसं आणि मण्यांच्या माळा विकणाऱ्या बायकांना ती गावातल्या बुद्धविहारात वाचायला शिकवते. मंगळवारी लेणी बंद असतात, म्हणून वर्ग मंगळवारी, शाळा सुटल्यावर. बायकांना अक्षरं जुळवता यायला लागली होती, पण अंकलिपी संपली आणि पुढं वाचायला काही नव्हतं.

“मावशी, कुणाच्या घरी सोपी पुस्तकं पडून असतील तर बघा ना,” ती फोनवर म्हणाली.

मी इथं शहरात औरंगपुऱ्याच्या बाजारात जाऊन गोष्टींच्या पुस्तकांची पिशवी भरून आणली असती, तर दुपारच्या चहाच्या आत काम झालं असतं. पण शाळेत मी आयुष्यभर ‘लोकसहभाग’ शिकवला. मी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला.

अध्यक्षांनी लगेच बैठक बोलावली. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कुठलंही काम आपोआप वाहू द्यायचं नाही, आधी अडवायचं, ही सवय त्यांना तिथूनच लागली असावी. बैठकीत मोहिमेचं नाव ‘अक्षरगंगा’ ठेवायचं की ‘ज्ञानयज्ञ’, यावर इतका वाद झाला की दोन शेजारी अजून एकमेकांशी बोलत नाहीत. मग फलकावर कुणाकुणाचे फोटो घ्यायचे, यावर चर्चा. मी मध्येच म्हटलं, “अक्षरं मोठी हवीत, वाक्यं छोटी.”

“मॅडम, तो तपशील झाला,” अध्यक्ष म्हणाले. “आधी धोरण ठरू द्या.”

पार्किंगमध्ये टेबल मांडून मी बसले. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची गाईडं आली, औषध कंपन्यांच्या जुन्या डायऱ्या आल्या, शेअर बाजारातून श्रीमंत कसं व्हावं हे सांगणारी पुस्तकं आली. दिवसभर उन्हात उभं राहून फळं विकणाऱ्या बायकांसाठी कुणीतरी वजन कमी करण्याचं पुस्तक दिलं. देणारा प्रत्येक जण पुस्तक हातात धरून फोटो काढून घेई. काहींनी फोटो झाल्यावर पुस्तक परत नेलं.

आणि मग ती पुस्तकं यायला लागली. अध्यक्षांनी आपल्या युरोपच्या सहलीवर स्वखर्चानं एक पुस्तक छापलं होतं. मुखपृष्ठावर ते स्वतः, मागं बर्फ. सोसायटीत कुणाची वास्तुशांत असो, बारसं असो की साखरपुडा, भेट म्हणून तेच. आता घरोघरची प्रत माझ्या टेबलावर येत होती. लोक इकडंतिकडं बघून ती पालथी ठेवत.

“आम्ही वाचलंय हं पूर्ण,” वरच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली. पुस्तकावरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

मी सगळ्या प्रती खोक्यांच्या तळाशी घातल्या आणि वर गाईडं रचली.

समारंभ झाला. गुलमंडीवरून शाली आणल्या होत्या, आणि पाहुणे म्हणून एक पुढारी. फोटोसाठी त्यांच्या हातात गाईड दिलं, तर त्याचं मुखपृष्ठ फाटलेलं. “काहीतरी रंगीत काढा,” ते म्हणाले आणि स्वतःच खोक्यात हात घातला. तळातून अध्यक्ष वर आले.

“वा साहेब, हे तर तुमचंच!” पुढाऱ्यांनी कौतुकानं अजून एक काढलं. मग अजून एक. शेजारच्या खोक्यातही तेच. समोर बसलेली अख्खी सोसायटी एकाएकी आपापले मोबाईल बघू लागली. अध्यक्ष शाल पांघरून उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी माईक घेतला. “मित्रहो, माझं पुस्तक आजवर घरोघरी होतं, आता ते गावोगावी जाईल.” टाळ्या फार जोरात झाल्या. सगळ्यांची सुटका झाली होती.

नंतर लिफ्टपाशी त्यांनी मला हळूच विचारलं, “मॅडम, सगळ्यांनीच दिलं का हो?”

“नाही, माझी प्रत घरीच आहे,” मी म्हटलं. ते खरंच होतं. डगमगणाऱ्या कपाटाखाली ती नेमकी बसली होती.

पुढच्या मंगळवारी त्यांनी खोकी स्वतःच्या गाडीत घातली. मला आणि वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सोबत घेतलं. वर्गात बायकांनी गाईडं उघडून पाहिली आणि आदरानं बाजूला ठेवली. मग अध्यक्षांची पुस्तकं निघाली. स्वतःची नजर अधू म्हणून त्यांनी अक्षरं चांगली ठसठशीत छापून घेतली होती. पानापानावर फोटो, आणि प्रत्येक फोटोखाली एकच ओळ. बायकांनी झटक्यात एकेक प्रत उचलली.

केस पांढरे झालेली एक सीताफळवाली अक्षरांवर बोट ठेवून वाचू लागली. “मी... व... सौ... मनोऱ्यापुढं.” पान उलटलं. “मी व सौ... बोटीत.” विहार त्या वाचनानं भरून गेला. अध्यक्षांचा ऊर भरून आला. त्यांना पहिल्यांदाच वाचक भेटत होते.

तेवढ्यात सीताफळवालीनं मान वर केली. “काका, ही सौ कोण? लई हिंडलीय की तुमच्यासंगं.”

“अहो, सौ म्हणजे ही. माझी पत्नी.”

“व्हय का? सौ नाव हाय त्यांचं?”

“नाही, नाव वेगळं आहे.”

“मंग नाव का नाय लिव्हलं?”

“तशी पद्धत असते. सौभाग्यवती म्हणजे...”

“बोटीचं नाव लिव्हलंय की,” दुसरी पुढच्याच पानावरची ओळ दाखवत म्हणाली. तिसरीनं पुढचं पान काढलं. “गाडीच्या घोड्याचं बी.”

वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी आपलं नाव सांगितलं. त्यात एक अवघड जोडाक्षर होतं. भाचेसुनेनं ते फळ्यावर काढलं, बायकांनी गिरवून पाहिलं आणि प्रत्येकीनं आपापल्या प्रतीत ‘सौ.’ खोडून वर नाव लिहायला घेतलं.

“अहो, छापील पुस्तक आहे ते,” अध्यक्ष म्हणाले. कुणाचं लक्ष नव्हतं. एकीचं पेन चालेना. ती ते झटकत बसली, तेव्हा त्यांनी खिशातलं स्वतःचं काढून तिच्यापुढं धरलं.

परतताना दौलताबादचा घाट उतरल्यावर त्यांनी वहिनींना विचारलं, “तुला एवढे दिवस राग येत होता का?”

“छे हो,” वहिनी म्हणाल्या. “मी ते वाचलंच नव्हतं.”

तेव्हापासून वहिनी दर मंगळवारी माझ्याबरोबर एसटीनं गावाला येतात. त्या दिवशी अध्यक्ष चहा स्वतः करून घेतात, असं कळतं. सध्या ते दुबईच्या सहलीवर लिहितायत. छापण्याआधी वर्गाला दाखवा, असा गावातून निरोप आलाय.