तिसऱ्या मजल्यावरची मिटिंग

आमच्या लालबागच्या चाळीला बाहेरून लिफ्ट लावायचं ठरलं, तेव्हा चाळीतली इंजिनीअर म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. लिफ्ट हवी होती ती मुख्यतः तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंसाठी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. "रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा होईल, तोवर मी वरच मरू काय गो?" असं त्या मला जाता-येता विचारायच्या.

पाया, लोखंडी सांगाडा, वजन, सगळं जमत होतं. अडलं ते गॅलरीपाशी. लिफ्ट थेट गॅलरीला लावायची तर काकूंच्या शेजारच्या काकांच्या दारासमोरचा कठडा तोडावा लागणार होता. कागदावर गॅलरी सगळ्यांची. पण चाळीत ज्याच्या दारासमोरची गॅलरी, ती त्याची. हे कॉलेजात कोणी शिकवत नाही. काका म्हणाले, "जिन्याच्या मधल्या टप्प्यावर लाव की!" म्हणजे काकूंच्या नशिबी अर्धा जिना उरलाच.

मिटिंग रिवाजाप्रमाणे खाली चौकात भरली. मी वजनाचे आकडे सांगतेय, काका हटत नाहीत, बाकीचे आपापली अक्कल पाजळतायत. इतक्यात वरून काकूंचा आवाज आला, "अरे, जिच्यासाठी लिफ्ट, तिला कोणी विचारणार की नाय?"

जिला उतरता येत नाही तिच्यासाठीची सभा आम्ही खाली भरवली होती! मला हसूही आलं आणि सगळ्यांचा रागही. मग अख्खी मिटिंग धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर चढली.

"काकू, मधल्या टप्प्यापर्यंत उतरून बघता?" मी विचारलं. त्या भिंत धरून निघाल्या. दुसऱ्याच पायरीवर गुडघा लटपटला. सगळ्यांच्या आधी पुढे धावले ते काका. त्यांचा हात घट्ट धरून काकू तशाच उभ्या राहिल्या. खाली जाववेना, वर येववेना.

"माझा कठडा तोड," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "पण लिफ्टच्या दाराचा खडखडाट झाला तर तुला सोडणार नाय."

लिफ्ट सुरू झाली त्या सकाळी काकू चौकात उतरल्या. मान वर करून स्वतःच्या गॅलरीकडे बघतच राहिल्या. "शी! दोरीवरचे कपडे खालून असे दिसतात? कोणी बोललात पण नाय!" मला रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही. जरा वेळाने मी लिफ्टचं दार उघडून धरलं. "चला काकू, वर सोडते."

"तू जा गो," म्हणत त्या सावकाश फाटकाकडे निघाल्या. "इतके दिवस दुसऱ्यांनी आणलेली मासळी खाल्ली. आज मी बघून घेणार."