नूतनचं घर पाहायचं राहिलं

आमच्याकडे पोरगी द्यायच्या आधी घर पाहायला जातात. मुलगा नंतर, आधी घर. पुरुष विहिरीचं पाणी पिऊन पाहतात, कोठीत धान किती आहे ते पाहतात, आणि बायका थेट चुलीपाशी जाऊन बसतात. माझी बायको रुख्मा यात वस्ताद. चुलीवरून माणसं ओळखायची. अर्जुनी मोरगावातल्या सात-आठ पोरींची घरं तिने पाहून दिली. एकही पोरगी माघारी आली नाही.

आणि आमच्याच नूतनचं घर पाहायचं राहिलं. जावई इंग्लंडात नोकरीला. रुख्मा अडून बसली, तर मी भर बैठकीत म्हटलं, "फोटो पाहले ना, झालं. आता विमानानं जातेस का चूल पाहाले?" एसटीत कंडक्टर होतो मी, तोंड तिखट. लोक हसले. ती उठून आत चहा ठेवायला गेली.

लग्नाला तीन वर्षं होत आली होती. नूतन दर रविवारी व्हिडिओवर दिसायची. जावई रविवारीही कामावर असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. मागच्या उन्हाळ्यात रुख्माने कुठूनतरी ऐकलं, की निव्वळ विलायती मालिकांचं एक वेगळं ॲप असतं. झालं, मागेच लागली. "मले तिथली घरं पाहाची आहेत."

"इंग्रजीचा गंध नाही, अन् विलायती मालिका! गाढवापुढं वाचली गीता!" मी म्हटलं. गाढव कोण होतं ते आता कळून राहिलं.

केबलवाला मुन्नालाल म्हणाला, "काका, सात दिन फ्री है. देख लो, नहीं जमा तो बंद कर देंगे."

सातही दिवस तिने दुपारची झोप सोडली. आवाज बंद करून पाहायची! आणि त्या मालिका तरी कशा? टुमदार गाव, दारात फुलं, आणि पाचव्या मिनिटाला मुडदा. रुख्मा मुडद्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती. पोलीस दार वाजवून कुणाच्या घरात शिरले, की ही पुढे सरकायची. "थांबवा, थांबवा जी!" मी कुरकुरत थांबवायचो, आणि ही चूल शोधायची.

सहाव्या दिवशी एका मालिकेत एक बाई दिसली, एकाच खोलीत राहणारी. पलंगाच्या उशाशीच शेगडी. रुख्मा उठून टीव्हीजवळ गेली.

"फोनवर नूतनच्या मागं असंच दिसते. पयले खिडकी दिसे, आता पलंग अन् शेगडी एकाच भिंतीले. हे नवरा-बायकोचं घर नाही जी. एकटीचं आहे."

"खून पाहून पाहून डोस्कं फिरलं तुहं!"

"एक महिना घेऊ ना. अजून चार घरं पाहू द्या मले. पक्कं झाल्याबिगर पोरीले कसं विचारू?"

सातव्या दिवशी मी मुन्नालालला फोन करून ते बंद करून टाकलं. पैशाचा प्रश्न नव्हता हो. मला भीती वाटली. तिचं खरं निघालं असतं, तर घर न पाहता पोरगी देणारा मीच होतो. रविवारी नूतन दिसली, हसली. मी रुख्माला डोळ्यांनीच दटावलं. तिने भाजी काय केली एवढंच विचारलं.

दिवाळी गेली, धान कापून झाला, आणि एका दुपारी नूतन दोन बॅगा घेऊन दारात उभी. नवऱ्याने दीड वर्षापूर्वीच घराबाहेर काढलं होतं. म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करून एका भाड्याच्या खोलीत राहत होती. रुख्मा म्हणाली, "मले समजलं होतं." पोरगी तिच्याकडे वळली.

"मंग विचारलं काऊन नाही, आई? एक वेळा विचारलं असतं, तर त्याच दिवशी सांगून टाकलं असतं मी."

मी तिथेच उभा होतो. रुख्माने माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

परवा मी मुन्नालालला बोलावून ते ॲप वर्षभरासाठी लावून घेतलं. मूर्खपणा, दुसरं काय! दुपारी टीव्ही लावला, आवाज बंद केला आणि रुख्माला हाक मारली. ती आत नूतनसोबत तांदूळ निवडत होती.

"तुमीच पाहा," ती म्हणाली. "माहं पाहून झालं."

मग मी एकटाच बसलो. पोलीस एका घरात शिरले, आणि मी शेगडी कुठे आहे ते शोधू लागलो.