खाडीचा वाटा

"तुला बहिणी किती?" असं कुणी विचारलं, की माझा मामा न अडखळता सांगायचा, "दोन. एक हिची आय, आन दुसरी ही खाडी." नायगावजवळच्या आमच्या आजोळी सगळं गाव त्याला खाडीमामाच म्हणे.

मामाचं भातशेत खाडीला लागून होतं. बांधाबाहेरचा एक सखल कोपरा त्याने तसाच सोडला होता. उधाणाचं पाणी तिथे येऊन ऐसपैस पसरायचं, ओहोटीला निघून जायचं. मी एकदा म्हटलं, "मामा, बांध पुढे सरकव ना, इथेही भात होईल." केवढा डाफरला माझ्यावर! "बहिनीचा वाटा हाय तो. तिला टेकायला जागा नको?"

लावणी आटोपली की मामी त्या कोपऱ्यात जाऊन खाडीची ओटी भरायची. मामा शेजारी हात जोडून उभा. देवळात पाच मिनिटं न थांबणारा हा माणूस तिथून लवकर हलत नसे. मामी चिडवायची, "सख्ख्या बहिनीला कधी दिलाव का इतका मान?" माझी आई हसायची, पण तिला ते मनातून पटत असावं.

पुढे शेजारच्या शेतांवर भराव पडला, टॉवर उभे राहिले. मुलं मागे लागली तेव्हा मामा शेत द्यायला तयार झाला, कोपऱ्यावर मात्र अडून बसला. बिल्डर कोपऱ्याशिवाय घेईना. मुलांची लग्नं खोळंबली होती, मामाही थकला होता. शेवटी त्याने सही केली. मला त्याचा राग आला नाही, वाईट मात्र फार वाटलं.

त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत, तळमजल्यावरच त्याला फ्लॅट मिळाला. पहिल्याच पावसाळ्यात उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी आले, आणि भर दुपारी खाडी पार्किंगमधून थेट मामाच्या दारात आली. बाकीचे महापालिकेच्या नावाने बोटं मोडत होते. मामी आतून खण-नारळ घेऊन आली. घोटाभर पाण्यात उभ्या मामाने तिचा हात धरला. "नको गं. कंच्या तोंडानं भरतीस? तिचा वाटा मीच इकला ना."

त्यानंतर मामा फार जगला नाही.

आता मोठ्या उधाणाला सोसायटी पंप लावते. पाणी बाहेर फेकलं जाईपर्यंत मामी खण मांडीवर घेऊन दारात बसून राहते. नणंदेला असं घराबाहेर काढताना तिला आत बसवत नाही.